वाटीची जागा

जोडाची झाळ कुठे दिसतच नव्हती. शमिकानं कडी चिमट्यात धरली, खिडकीशी नेली, भिंग डोळ्याला लावून हळूहळू फिरवली — कडीच्या आतल्या काठाला वाटीचा काठ असा बिलगून बसला होता की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते सांगता येऊ नये. कुठे सोन्याचा थेंब साचलेला नाही, कुठे टाकणखाराचा पांढुरका डाग नाही, आणि वाटी तर... हरभऱ्याएवढी ती वाटी, इतकी सारखी, इतकी गोल, की सकाळचा उजेड तिच्यात पाण्यासारखा साठून राहिला होता. सुंदर, तिच्या मनात आलं. आणि लगेचच तिनं भिंग खाली ठेवलं. कारण काल दिवेलागणीला तिनं ही कडी बाकावर ठेवली तेव्हा ती मोकळी होती. मोकळीच राहायची होती.

दोन कड्या होत्या. काळ्या पोतीच्या मधोमध शेजारी शेजारी बसणाऱ्या, भाताच्या काडीएवढ्या बारीक सोन्याच्या तारेच्या. एकीत सासरची वाटी, ती शमिकानं स्वतः घडवून परवाच बसवलेली. दुसरी माहेरच्या वाटीची, आणि ती... मंगळसूत्र सानवीचं. सानवी म्हणजे शमिकाच्या धाकट्या भावाची, ओमकारची, व्हायची बायको; राजापूरकडची मुलगी, इथे रत्नागिरीत एका शाळेवर गणित शिकवते. ओमकार मुंबईला गोदीत, तेव्हा हे लग्न फोननंच जुळवलं असं शमिकाचे वडील, आप्पा, चारचौघांत हसून सांगत. लग्न पुढच्या आठवड्यात, गणपतीपुळ्याला, मोजक्या माणसांत. मोजक्या, कारण मुलीकडचं कुणीच येणार नव्हतं. तिच्या वडिलांना हे स्थळ मान्य नव्हतं. आमच्या लेखी तू नाहीस, असं त्यांनी तिला उंबऱ्यात उभी करून सांगितलं होतं, आणि आईनं आतल्या दाराशी उभं राहून ते ऐकून घेतलं होतं.

महिन्यापूर्वी सानवी याच बाकासमोर, याच बुटक्या स्टुलावर येऊन बसली होती. "ताई, माहेरची वाटी तुम्ही करू नका हां," ती म्हणाली होती, आणि बोलताना तिची नजर फरशीवर सांडलेल्या चांदीच्या किसावर होती. "ओमकार म्हणतो आपणच करू दोन्ही. पण नको. कडी तेवढी करा. आई देईल... आत्ता नाही देणार, पण देईल कधीतरी. तोवर जागा असू दे."

आणि शमिकाला तेव्हा काय झालं होतं? — आनंद झाला होता. एखाद्याच्या दुःखाची गोष्ट ऐकताना होऊ नये असा, मनातल्या मनात लाज वाटावी असा आनंद. कारण ती दुसरं काय करत आली होती इतकी वर्षं? चांदीच्या पत्र्यावर मासा काढायचा, आणि मग तो मासाच कापून काढून टाकायचा. उरलेल्या चांदीत माशाच्या आकाराची मोकळी जागा, तिच्यातून घालणारीच्या गळ्याची कातडी दिसते, ती श्वास घेते तसा मासा हलतो. आंब्याचं पान असंच, होडीचं शीड असंच, सगळं नसलेलं. मुंबईला शिकत असताना मास्तर त्याला निगेटिव्ह स्पेस म्हणायचे. घरी आप्पा त्याला भोक म्हणत.

"एवढी चांदी काढून टाकलीस गो, गिऱ्हाईकाला देणार काय?"

"भोक देणार, आप्पा."

"आणि मजुरी कसली घेणार? भोकाची?"

"भोकाचीच. ते पाडायलाच वेळ लागतो."

आप्पा कपाळावर हात मारून घेत. चार पिढ्यांचं सोनारकाम, मोहनमाळा आणि पाटल्या आणि ठुश्या, कुठे तिळाएवढी जागा कोरी सुटली तर तिथे सोन्याचा रवा बसवून टाकणारे हात, आणि त्या घरात ही मुलगी दिवसभर करवत घेऊन पत्रे पोखरत बसते... पण पाहुणे आले की तेच आप्पा तिचे मासे खिडकीच्या गजाला टांगून दाखवत, सगळ्यांना मागचं आभाळ दिसावं म्हणून.

तर सानवीची कडी. शमिकानं ती घडवताना जेवढा जीव ओतला तेवढा भरल्या वाटीत ओतला नव्हता. मोकळी कडी नुसती ठेवली की तुटकी दिसते, वाटी गळून पडल्यासारखी. ती मुद्दाम ठेवलेली आहे हे दिसायला हवं. म्हणून तिनं आतल्या काठाला अगदी बारीक उतार दिला होता, बोट फिरवलं तर आत ये म्हणणारा. आणि आप्पांना सांगितलं नव्हतं. सांगू, आज सांगू, चहाच्या वेळी सांगू, असं करत तिनं ते पुढे ढकललं, कारण तिला माहीत होतं ते काय म्हणतील — लग्नाच्या दागिन्यात रिकामी कडी? कुणी ऐकलंय? — आणि म्हटलं, सानवी आज यायचीच आहे, तिच्याच तोंडून कळू दे. सोपं जाईल.

आता ही वाटी. आणि ही वाटी आप्पांखेरीज कोण बसवणार? त्यांनी झाळकाम सोडलं होतं. हात कापायला लागले होते, आणि एका दुपारी एका बाईची जुनी नथ त्यांच्या फुंकणीखाली वितळून तिचा गोळा झाला, तेव्हा त्यांनी काही न बोलता फुंकणी पुसून खुंटीला लावली. तेव्हापासून ते पडवीत पेपर वाचत, रिठ्याच्या पाण्यात तिचे दागिने धुऊन देत, बाजारातून मासळी आणत. पण झाळ त्यांचीच होती. इतकी अल्लद झाळ शमिकाला अजून साधत नव्हती, कधी साधेल असं वाटतही नव्हतं.

फाटक करकरलं. आप्पा पडवीची पायरी चढले ते पिशवी मोरीत ठेवायच्या आधीच सरळ बाकाशी आले.

"बघितलंस?"

"बघितलं."

"राहून गेलं होतं गो तुझ्याकडून. आज मुलगी बघायला यायची आणि कडी आपली तशीच पडलेली. म्हटलं, त्या तुझ्या कुरिअरच्या गडबडीत विसरली असशील, नाहीतर माहेरचं सोनं कुणी घालायचं म्हणून अडली असशील. पहाटे जाग आली, देवाचं नाव घेतलं नि बसलो."

"हात?"

आप्पांनी उजवा हात तिच्यासमोर धरला. तो चांगलाच थरथरत होता. "आत्ता बघ कसा नाचतोय मेला. पण फुंकणी तोंडाला लावली नि गप्प राहिलान. शहाण्यासारखा. त्याला कळलंन बहुतेक, लग्नाचं काम आहे म्हणून."

आणि ते हसले. वरचा दात पडल्यापासून ते तोंड मिटून हसत, पण आत्ता त्यांना त्याचं भान नव्हतं. किती दिवसांत... नाही, दिवस नव्हेत, वर्षंच म्हणायची, आप्पा असे आतून उजळलेले तिनं पाहिले नव्हते. चोरून पेढा खाल्लेल्या मुलासारखे ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान झालंय, आप्पा," ती म्हणाली.

"मुडदुशे मिळाले ताजे. ती खाते ना गो मासे?"

"खाते."

ते पिशवी घेऊन मागे गेले. तेव्हाच सांगायचं होतं. ती दोन वाक्यं होती फक्त — आप्पा, ती कडी मोकळीच ठेवायची होती, सानवीनं सांगितलंय. जिभेवर होती. पण मोरीतून खवलं काढल्याचा खरखर आवाज यायला लागला आणि त्या आवाजाबरोबर आप्पांचं गुणगुणणं, आणि त्या गुणगुणण्यात जाऊन ही दोन वाक्यं टाकणं तिच्याच्यानं होईना.

ती कामाला बसली. होडीच्या शिडाची कर्णफुलं उद्या पाठवायची होती. पत्रा बाकाच्या लाकडी पाचरीवर दाबून धरला, करवतीची केसासारखी पाती भोकातून ओवली, ताणून बसवली, आणि हात वरखाली सुरू झाला. या कामात घाई चालत नाही. किती काढायचं ते सोपं असतं. जे उरेल ते उभं राहील का, हे सारखं बघत बसावं लागतं. काठ जरा जास्त बारीक झाला की जागा जागा राहत नाही, सगळं आपलं नुसतंच सांडून जातं... कापलेला तुकडा खालच्या खणात पडला. हल्ली ती ते तुकडे बघतही नसे. आज तिनं तो उचलला. छोटंसं चांदीचं शीड, कडेनं खडबडीत. सगळं काढून टाकलेलं शेवटी कुठेतरी साठतंच.

आई गेली तेव्हा शमिका चौथीत होती, आणि ओमकार रांगत होता. तेराव्याला माणसं पांगली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आप्पांनी घरातल्या जागा भरायला घेतल्या. स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला, जिथे आईचा पाट असायचा, तिथे तांदळाचा मोठा डबा आला. तिच्या फणीआरशाच्या पिशवीच्या खिळ्याला कॅलेंडर. दांडीवर तिची लुगडी वाळायची त्या टोकाला आप्पांचे पंचे, पुरत नसले तरी ताणून ताणून घातलेले. मुरुडहून यमुनाआत्या आली आणि आईच्या जागी निजायला लागली. हे सगळं इतकं भराभर झालं, इतकं व्यवस्थित... आणि आईचं नाव घरात निघेनासं झालं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. एकदा, शाळेतून आल्यावर, घरात कुणी नाही असं बघून शमिकानं तो तांदळाचा डबा सगळा जोर लावून बाजूला सरकवला आणि त्या जागेवर, थंडगार जमिनीवर, मांडी घालून बसली. बराच वेळ बसली. मग आप्पा आले. ओरडले नाहीत. तिच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उचललं, शेजारी ठेवलं, आणि डबा पुन्हा होता तिथे सरकवला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

आप्पांना ती जागा दिसणं सोसत नसेल, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, यांना आई नकोशी झाली.

आणि मग ती मोठी होऊन जागा कापायला शिकली. हे कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तिनं हसून उडवून लावलं असतं — काहीतरीच काय, मला आकार आवडतात, बस. पण सानवी म्हणाली ना, तोवर जागा असू दे... ते ऐकल्यावर शमिकाला वाटलं होतं की कुणीतरी येऊन तो डबा सरकवला. आणि या वेळी परत सरकवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. म्हणूनच तर त्या काठाला एवढा उतार दिला होता.

आणि काल रात्री ती झोपली, आणि आप्पा पहाटे उठले...

काढता येईल. हे तिला दहा वेळा सुचून गेलं. काठावर टाकणखार लावायचा, दिव्याची जीभ फुंकणीनं वळवून एका बाजूनं द्यायची, झाळ पाझरली की चिमट्यानं वाटी उचलायची; सानवी यायच्या आत होऊन जाईल. पण आप्पा पडवीत बसलेत. आणि नसते बसले तरी — दोन वर्षांनी त्या हातांना जे साधलं, पुन्हा कदाचित साधणार नाही, ते मी मोडायचं? दुसरं, गप्प बसायचं. सानवीला ओवून द्यायचं. ती समजूतदार आहे.

जेवायला बसले तेव्हा आप्पांनी मुडदुशांचं तिखलं स्वतः केलं होतं, सानवीसाठी वेगळं काढूनही ठेवलं होतं. शमिका भात कालवत होती आणि समोर आप्पा भात कालवत होते, आणि तिचं लक्ष सहज त्यांच्या बोटांकडे गेलं. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी एक फिकट पट्टा होता. बाकी हात उन्हानं रापलेला, आणि तेवढीच कातडी गोरीपान, मऊ, कधी उजेडच न बघितलेली.

तिचा घास हातातच राहिला. ती अंगठी... लग्नात मुलीकडचे जावयाला घालतात ती. आईच्या वडिलांनी घातलेली. डबा आला, कॅलेंडर आलं, आत्या आली, पंचे आले, पण ती अंगठी आप्पांच्या बोटातून कधी हलली नव्हती. झिजून झिजून तिची नुसती तार उरली होती. आईच्या माहेरचं सोनं. आणि वाटी माहेरची पाहिजे होती.

"आप्पा, अंगठी?"

"सैल झाली होती गो," आप्पा म्हणाले आणि ताटातला काटा बाजूला काढू लागले. "कुठेतरी मोरीत पडायची एखाद दिवस. भात घे आणखी."

तिनं भात घेतला. या माणसाचा मी इतकी वर्षं राग धरला, आणि तो राग कुठे ठेवायचा आता...

दुपारभर ती स्वतःला पटवत बसली. वाटी म्हणजे तरी काय? पोकळच असते. पहिलं वर्ष मंगळसूत्र उलटं घालायचं असतं, वाट्यांची पोकळी जगाला दिसेल अशी, आणि वर्ष भरलं की घरातलं मोठं माणूस त्या फिरवून सुलट्या करून देतं. आप्पांनीही वाटी तशीच बसवली होती, पोकळ बाजू वर. म्हणजे जागा आहेच की. सानवीला जागा हवी होती, ही बघा जागा, उलट सुंदर जागा... किती छान जुळत होतं सगळं. इतकं छान की तिचा तिलाच संशय आला. आपल्याला जे नको आहे ते किती सफाईनं आपण आपल्याच गळ्यात घालतो. सानवीला पोकळी नको होती. तिला आईची वाट बघायची होती.

चार वाजून गेले असतील, सानवी आली. पेपर तपासून थेट, स्कूटरवरून, ओढणी तोंडाला गुंडाळलेली, बोटाला लाल शाईचा डाग. आप्पांनी तिला कोकमाचं सरबत दिलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि मग शमिका उठायच्या आत स्वतः आत जाऊन लाल फडक्यावर ठेवलेल्या दोन्ही कड्या घेऊन आले. फडकं त्यांच्या हातात हलत होतं आणि कड्या एकमेकींवर किणकिणत होत्या.

"घे बाय. बघ पसंत पडतं का."

सानवी पुढे वाकली. तिचा चेहरा शमिकाला बाजूनं दिसत होता. आधी तो उघडा होता, उत्सुक. मग नजर पहिल्या वाटीवरून दुसऱ्या वाटीवर गेली आणि तिथे थांबली. पेला तिनं खाली ठेवला. तिनं शमिकाकडे बघितलंही नाही. तेवढाही आरोप तिनं केला नाही.

"छान आहेत हां," ती म्हणाली. "दोन्ही सारख्याच."

"तुझ्या माहेरची ती," आप्पा म्हणाले. "आजपासून माहेर म्हणजे आम्हीच समज. कसं?"

"हो, आप्पा."

आणि ती हसली. परक्या घरी पानात नको ते वाढलं की आपण हसतो तसं, निमूट, मान जराशी हलवून. शमिकाला कळलं की ही हे घालणार. जन्मभर घालणार, कधी अवाक्षर काढणार नाही, आणि आई आली तर तिला ठेवायला कुठे काही नसेल, आणि हळूहळू ती वाट बघायचीही सोडून देईल. मुली असं गिळतात, आणि मग ते अंगी मुरतं, कुणाला दिसतही नाही. सानवी पाया पडायला वाकली होती.

"थांब," शमिका म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज मोठा वाटला. "आप्पा, माझ्याकडून राहून गेलं नव्हतं. ती कडी मोकळीच होती. मोकळीच ठेवायची होती. हिनं सांगितलं होतं तसं, आणि मी तुम्हाला बोलले नाही."

आप्पांना नीट ऐकू गेलं नाही असं क्षणभर वाटलं.

"मोकळी?"

"हो."

"मुद्दाम?"

"आई देईल म्हणून," सानवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण राहू दे, आप्पा. तुम्ही एवढं केलंत. मला चालेल. खरंच चालेल."

"चालेल म्हणून मंगळसूत्र घालतात होय गो?" आप्पा म्हणाले. रागावले नव्हते. कड्यांकडे बघत होते. "देईल तुझी आई?"

"देईल."

"कधी?"

"ते नाही माहीत."

आप्पांनी मान हलवली, एकदा, दोनदा. मग ते बाकाशी जाऊन बसले, आणि खुंटीकडे हात दाखवला. "फुंकणी दे इकडे."

"मी काढते, आप्पा."

"नको. ज्यानं झाळलं त्यानंच काढावं. झाळ कुठे भरली नि कुठे पुरवली ते त्यालाच ठाऊक. तुझ्या हातून तार वितळायची."

दिवा लावला. या वेळी हात काही शहाण्यासारखा वागेना. ज्योत कडीवरून सरकून जाई, पुन्हा येई, आणि आप्पांच्या कपाळावर घाम आला. शमिका त्यांच्या मागे गुडघ्यावर बसली आणि डाव्या हातानं त्यांचं मनगट खालून धरलं. कधी धरलं होतं तिनं ते शेवटचं? ते किती हलकं झालं होतं. ज्योत स्थिरावली. सोनं आधी मंद झालं, मग लालसर, आणि एकदम वाटीच्या काठाला गोल एक चमक धावत गेली, तशी आप्पांनी मान हलवली आणि उजव्या हातातल्या चिमट्यानं तिनं वाटी वर उचलली. सहज आली. बाकावरच्या पाण्याच्या वाडग्यात पडताना चर्र असा एवढासा आवाज झाला, आणि सानवीनं रोखून धरलेला श्वास सोडला.

आप्पा मोकळ्या कडीकडे कितीतरी वेळ बघत बसले. शमिकाला त्यांच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

"काठ घासून टाक," ते शेवटी म्हणाले. "झाळ राहिली असेल." आणि उठून, सानवीच्या खांद्याला धरून, "चल गो, चहा टाकू. ही आता तासभर बोलायची नाही."

दोघं आत गेली. शमिकानं भिंग लावलं. कडीच्या आतल्या काठाला, तिनं दिलेल्या उतारावर, सगळीकडून एक बारीक खडबडीत रेघ उरली होती. दूध उतू जाऊन गेल्यावर पातेल्याला राहते तशी. इथे कुणीतरी बसलं होतं, असं सांगणारी. दोन हात कानशीचे आणि काठ पुन्हा काल होता तसा कोरा. तिनं कानस उचलली. तिनं कापलेली जागा नेहमी कोरी असे. सगळं नीट काढून टाकलं की उरते ती जागा, असं ती तिच्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरींना सांगायची... आणि आज तिला ते एकदम खोटं वाटलं, निदान अर्धवट. चुलीजवळची ती थंड जमीन. तिच्यावर ठेवलेला डबा. तिनं आयुष्यभर ती जमीन तेवढी जपली होती, आणि डबा ठेवणारे हात तिनं त्यातून कापून काढले होते.

आतून भांड्यांचे आवाज येत होते. सानवी काहीतरी सांगत होती, आवाज अजून ओला, पण मोकळा.

"सांदणं करते का गो तुझी आई?" आप्पांनी विचारलं.

"करते तर. बरक्या फणसाची."

कपात चहा ओतल्याचा आवाज झाला.

"आमची ही त्यात आलं किसून घालायची," आप्पा म्हणाले. "जरा जास्तच घालायची."

शमिका होती तिथे, होती तशी बसून राहिली. कानस काठावर टेकलेली होती. घासावं की ही रेघ राहू द्यावी, आणि राहू दिली तर सानवीला काय सांगावं, वाडग्यातल्या वाटीचं काय करावं, यातलं काहीच तिला ठरवता येत नव्हतं; छातीत नुसतं काहीतरी सैल होत होतं, दुखत होतं आणि बरं वाटत होतं. आत आप्पा आईचं पुढचं सांगायला लागले होते, हळू आवाजात, थांबत थांबत, आणि त्यात कानशीची खरखर यायला नको होती.